जाहिरात लागली की बोलू

वरठी

वरठीला उतरलो तेव्हा मी अर्धा झोपेत होतो, आणि खरं सांगायचं तर पुढच्या आठवडाभरात एकदाच काय तो पूर्ण जागा झालो. त्यात माझा दोष थोडा आणि त्या मुलखाचा जास्त. कार्तिक सरत आला होता. स्टेशनाबाहेर धुकं होतं आणि धुक्यात सायकली. पोलादाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेली माणसं मफलरीत इतकी गुंडाळलेली, की सायकली आपल्या आपणच कामाला निघाल्यात असं वाटावं. पाटीवर लिहिलेलं भंडारा रोड, गावाचं नाव वरठी, आणि भंडारा अजून पुढे कुठेतरी. ज्या गावाला जायचं तिथे रेल्वे जात नाही, हे मला फार आवडलं.

आता मी तिथे कशाला गेलो ते सांगतो. पुण्यात मी ज्या कंपनीत आहे ती इंटरनेटवरून सिनेमे आणि मालिका दाखवते. प्रत्येक मालिकेच्या चित्राखाली दोन ओळींचा मजकूर असतो. तो लिहिणं हे माझं काम. तो कुणी वाचत नाही, पण नसला तर साहेबांना चुकल्यासारखं वाटतं. या धंद्यात सध्या मोठमोठे पहिलवान उतरलेत. एक मुळात फोन विकतो, दुसरा किराणा घरपोच देतो आणि वर मालिका फुकट देतो, तिसऱ्याने गावोगाव तारा टाकल्यात. सगळे एकमेकांचे पाय ओढण्यात दंग. भरगच्च पॅकेज लोकांना परवडेना, तसं प्रत्येकाने कापून कापून बारकी पॅकेजं काढली. पूर्ण थाळी जात नाही म्हणून वाट्या सुट्या विकायला काढाव्यात, तसा प्रकार.

आमच्या कंपनीने भंडाऱ्याकडच्या गावांत एक चाल खेळली. बिनजाहिरातीचं, सगळ्यांत वरचं पॅकेज काही महिने फुकट दिलं. आणि लोक ते आपणहून सोडायला लागले! फुकटचं सोडून पुन्हा केबलच्या जाहिरातींकडे! साहेबांच्या डोक्यात ते शिरेना. ‘कुणीतरी जाऊन बघा,’ म्हणाले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला गाडीत झोप फार छान लागते, म्हणून मी हात वर केला.

आमच्या ऑफिसात निखिल म्हणून एक मुलगा आहे, टीव्हीला जोडायच्या आमच्या डब्यांच्या तांत्रिक बाजूचं बघतो. तो आंधळगावचा, कोष्ट्याच्या म्हणजे विणकराच्या घरचा. मार्गशीर्षात त्याचं लग्न ठरलेलं. त्याने माझ्या हातात एक डबा ठेवला. “काका, आमच्याच घरी उतरा. आईबाबा ईशासाठी साडी विणतायत. बाबांचे गुडघे आता मागाच्या खड्ड्यात बसू देत नाहीत. ही साडी झाली की माग बंद, आणि दोघं पुण्याला माझ्याकडे. तेवढे दिवस तरी त्यांना जाहिरातींचा त्रास नको. केबल मी बंद करायला सांगितलीय.” ईशा म्हणजे त्याची होणारी बायको. मुलगा गुणी आहे. आईबापांना काय द्यावं हे त्याला कळत नव्हतं, पण द्यायचं होतं.

वरठीत तर्री-पोहे खाल्ले. पुण्यात पोह्यांवर लिंबू पिळतात, इथे पोह्यांवर आग ओततात. डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून ते धुकं अधिकच सुंदर दिसलं. बसमध्ये शेजारच्या बाईंनी उकडलेले शिंगाडे दिले. न विचारता, न ओळखता. मी सोलत सोलत पुन्हा झोपलो.

आंधळगाव

गावात शिरताना आधी आवाज भेटतो. खट्-खट्, मग थोडं थांबून पुन्हा खट्-खट्. एका घरातला आवाज संपायच्या आत दुसऱ्या घरातला सुरू होतो. पूर्वी हे सगळं गाव असं वाजायचं म्हणतात; आता मोजकी घरं उरलीत. तरी मला ते पुरे होतं. त्या आवाजात चालताना पाय जमिनीला टेकतायत की नाही अशी शंका येत होती.

निखिलच्या घराचं दार सताड उघडं. पुढच्याच खोलीत माग, आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून शामराव बसलेले. समोर पिवळसर कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, ताणा, दोन्ही बाजूंना करवतीच्या दातांसारखा लाल काठ. शामरावांच्या पाठीमागे, भिंतीवर, टीव्ही. हो, पाठीमागे! ते टीव्हीकडे पाठ करून विणत होते. समोरच्या बाजूला त्यांच्या पत्नी सिंधूताई चरख्यावर कांड्या भरत बसलेल्या. धोट्यात घालायच्या धाग्याच्या त्या छोट्या नळ्या. टीव्हीकडे तोंड फक्त त्यांचं होतं.

“या भाऊ, बसा,” सिंधूताई म्हणाल्या. “निखिलनं फोन केल्ता. हात-पाय धुवाले पानी ठेवलं हाये.”

“मी हात थांबवत नाही, राग नका मानू,” शामराव म्हणाले. “तुमी बोला, मी आयकून राहिलो.”

पण कुणी बोललं नाही. टीव्हीवर एक बाई मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती, तिचं चाललं होतं. मी पाटावर टेकलो. पुण्यात पाहुणा आला की टीव्हीचा आवाज कमी करतात. इथे पाहुण्याने मालिकेला वाट द्यायची. मग जाहिरात लागली, आणि ते घर एकदम जागं झालं.

सिंधूताई भरलेल्या कांड्या घेऊन उठल्या. माग थांबला. विणलेलं कापड दोन्ही काठांशी ताणून धरणारी एक वाकवलेली बांबूची काठी असते. ती त्यांनी सोडवली, बोटभर पुढे सरकवून पुन्हा टोचली. तळहाताने काठ चाचपला. हे काम एरवी विणणाराच करतो, पण शामरावांना गुडघ्यांमुळे इतकं पुढे वाकवत नाही. आणि हे सगळं चालू असताना दोघं बोलत होते.

“काय झालं वं? रडली का ते?” शामरावांनी विचारलं.

“रडली कुठी! डोळे कोरडे ठनठनीत. नुसता आवाज काढून राहिली. सासूनं मातर तोंड फिरवलं.”

“मले वाटलंच.”

“गुडघा दुखते का?”

“दुखते थोडा.”

“मंग सकाळी सांगतलं काहून नाही?”

“सकाळी कुठी बोलनं झालं आपलं.”

मग तांदळाचं, मग कुणाच्या तरी गायीचं, मग ईशाला लाल काठ शोभेल का याचं. साबणाची जाहिरात गेली, सिमेंटची गेली. मालिका सुरू झाली तशी सिंधूताई जागेवर, शामराव मागावर, आणि पुन्हा खट्-खट्. मला हसू आलं आणि का कोण जाणे, थोडं भरूनही आलं. कोरड्या डोळ्यांच्या त्या सुनेचा सगळा संसार हा माणूस पाठीने बघत होता.

जेवायला लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वांगे-झिंगे. झिंगे म्हणजे सुकवलेली बारकी कोळंबी, इथल्या तलावांतली. मी इतकं जेवलो की सिंधूताईंनी काळजीने विचारलं, “पुन्यात जेवाले नाही भेटत का जी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा लावला. मला वाटलं, आपण काय मोठा उपकार करतोय! तीच मालिका पहिल्या भागापासून, एकही जाहिरात नाही, एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू. सिंधूताईंना थांबवायचं बटणही दाखवलं. पडद्यावरची बाई तोंड उघडं ठेवून गोठली.

“हे काय जी!” त्या घाबरल्याच. “बिचारीचं तोंड उघडंच रायलं. सोडा, सोडा तिले.”

मी सोडली. मालिका वाहायला लागली. माग वाजत राहिला, चरखा फिरत राहिला. मी भिंतीला टेकून डोळे मिटले. भाग संपत होते, सुरू होत होते. झोपेत मला वाटलं की वैनगंगाच या खोलीतून वाहतेय आणि आम्ही तिघं तिच्या तळाशी बसलोय, कुणालाच वर यायची घाई नाही. दुपार झाली, सांज झाली. शामरावांनी एकदा मान अर्धी वळवली, काही विचारावं तशी. पण मालिका चालूच होती. त्यांनी मान पुन्हा पुढे घेतली.

आंबागड

त्याच्या पुढच्या दिवशी केबलवाला दिलीपभाऊ आला, गावकऱ्यांच्या जुन्या जोडण्या काढत फिरत होता. मी कोण हे कळल्यावर रागवेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, “चला, तुमाले आंबागड दाखवतो. दुश्मन असला तरी पाहुना हाये.”

मोटारसायकलवरून गेलो. दोन्ही बाजूंना धान कापून झालेली शेतं, बांध्यांमध्ये धानाचे रचलेले पुंजणे, आणि मध्ये मध्ये बोड्या. बोडी म्हणजे शेताच्या उशाशी असलेलं छोटं तळं. प्रत्येक बोडीत एकेक आभाळ. आंबागड गाव पायथ्याशी, किल्ला वर झाडीत. पायऱ्या चढताना माझी जीभ बाहेर आली आणि दिलीपभाऊ मात्र फोनवर दोन गिऱ्हाइकांशी बोलत बोलत चढला. बुरुजावर बसल्यावर त्याने खालच्या गावाकडे हात केला.

“पह्यले हे सारे घरं माह्या ताराले बांधले होते. कोनाच्या घरी कोनतं चॅनेल चालू हाये, मी सांगू शकत होतो. आता एका कंपनीचा मानूस सकाळी येते, बारकं पॅकेज देऊन जाते. दुपारी दुसऱ्या कंपनीचा येते, त्याच्याहून बारकं देते. रोज कापूनच राहिले! उद्या नुसता रिमोट देतीन.”

“मग तुम्ही काय करता?”

“मी दोघांचाबी एजंट हाओ. सकाळी याची वायर जोडतो, दुपारी त्याची. दोघांचं भांडन अन् तिसऱ्याचा लाभ म्हनतात नं? मी तिसराच हाओ, पन लाभ काही दिसून नाही राहिला.”

मी हसलो. मग विचारलं, “फुकटचं पॅकेज लोक सोडतायत, ते का?”

“कायले सोडतात ते मले नाही मालूम. पन सोडनारे सारे मागवाले हायेत,” तो म्हणाला. “शेतीवाले खुश हायेत त्याच्यावर. कोष्टीच परत येतात माह्याकडे. इचारलं तं म्हनतात, जमत नाही गा.”

वारा गार होता आणि दगड उन्हाने उबदार. दिलीपभाऊ फोनवर तिसऱ्या गिऱ्हाइकाला समजावायला लागला. मी आडवा झालो. झोपेत माग ऐकू येत होता की काय कोण जाणे, पण मी हातावर ताल धरून होतो म्हणे.

पुन्हा आंधळगाव

परतलो तेव्हा दारातच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाज नव्हता. माग बंद, चरखा बंद, फक्त टीव्हीवर सून आणि सासू भांडत होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. त्या शांततेने मी त्या मुलखात आल्यापासून पहिल्यांदा खडबडून जागा झालो.

विणून गुंडाळलेलं कापड शामरावांनी उलगडलं होतं. सिंधूताई काठावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होत्या. मलासुद्धा दिसलं. लाल करवतीचे दात सुरुवातीला सरळ, आणि मग हळूहळू आत झुकलेले. साडी मध्येच कंबर आवळल्यासारखी अरुंद झाली होती. ती बांबूची काठी जिथे होती तिथेच टोचलेली. डबा लागल्यापासून ती पुढे सरकलीच नव्हती.

“माह्या ध्यानातच नाही आलं,” सिंधूताई म्हणाल्या. “आता ब्रेक लागन, आता लागन, म्हनून बसून रायली. कांडी तेवढी बसल्या जागेवरून देत गेली.”

“मलेबी वाटलं, तू येशीनच,” शामराव म्हणाले. “हाताले कापड घट्ट लागून रायलं होतं. म्हटलं, जाहिरात लागली की सांगू.”

मी डोक्याला हात लावला. डबा मीच लावला होता. शेवटची साडी, सुनेची साडी, आणि आम्ही पुण्याहून या दोघांना त्रास होऊ नये म्हणून काय पाठवलं तर हे! लग्न तोंडावर आलेलं. वाकड्या काठाची साडी सुनेच्या अंगावर घालायची नाही, हे दोघांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

“ताई, ते थांबवायचं बटण दाखवलं होतं ना मी,” मी म्हणालो. हे बोलायला नको होतं, पण बोललो.

सिंधूताईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, समजूत घालावी तसं. “भाऊ, थांबवून बोलाचं म्हंजे मंग काहीतरी मोठं बोला लागते. आमचं तं लहान लहानच असते. डाळ, गुडघा, कोनाची गाय. तेवढ्यासाठी कोनी त्या बाईले थांबवते का? जाहिरात आपन नाही लावत, ते आपसुक लागते. मंग बोलाले लाज नाही वाटत.”

साहेबांच्या कोड्याचं उत्तर माझ्या पुढ्यात पडलं होतं. पण त्या क्षणी साहेब गेले खड्ड्यात. मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात बोलली.

“सर, तुम्हाला जाहिराती काढायच्या आहेत का?”

“नाही, आणायच्या आहेत.”

“सर, तुमचं पॅकेज सगळ्यांत वरचं आहे आणि फुकट आहे.”

“मला सगळ्यांत खालचं हवंय. जाहिरातींसकट.”

“आजवर असं कुणी मागितलं नव्हतं, सर. कारण काय लिहू? इथे यादीत चार कारणं आहेत, त्यातलं एक निवडा.”

“साडी लिहा.”

“यादीत साडी नाही, सर.”

शेवटी झालं एकदाचं. जाहिरात आली. सिंधूताई शाळेची घंटा झाल्यासारख्या उठल्या. पण पडद्याच्या कोपऱ्यात आकडा उलटा धावायला लागला, जाहिरात संपायला किती क्षण उरले ते सांगणारा. त्या मागापाशी पोचेपर्यंत, “ते सासू हाये नं, तिनं आज...” एवढं म्हणेपर्यंत मालिका सुरू. शामराव मानेनेच ‘मग?’ विचारत राहिले.

“अर्धीच सांगतलीस वं,” पुढच्या वेळी ते म्हणाले.

“आता घड्याळ लावून बोलू का मी?” सिंधूताई चिडल्या. मग माझ्याकडे वळून, “भाऊ, तुमचा डबा लय हुशार हाये. आमाले थोडा भोळा पाह्यजे.”

शामरावांनी खड्ड्यातूनच हुकूम सोडला, “दिलीपले बलाव.” दिलीपभाऊ खांबावर चढला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी आमच्या साहेबांच्या चेहऱ्यावर कंपनीच्या वाढदिवशीही पाहिलेलं नाही. वरून ओरडला, “काकू, बारकं पॅकेज देतो. एकच चॅनेल, पन जाहिरात भरपूर!”

पण पुन्हा विणायच्या आधी उसवायचं काम होतं. आडवा धागा एकेक ओढून काढायचा आणि तुटू न देता पुन्हा कांडीवर घ्यायचा. दोघं समोरासमोर बसले, मध्ये ते वाकडं कापड. टीव्ही बंद. विणलेलं उसवायला विणण्याहून जास्त वेळ लागतो, हे मला तिथे कळलं. उघड्या दारातून ऊन आत येऊन कोशाच्या धाग्यावर पडत होतं आणि धागा ओढला की उन्हाचीही एक रेघ सुटून येतेय असं वाटत होतं. दोघं बोलत होते. निखिल लहान असताना खड्ड्यात पडला होता, ते. लग्नानंतर सिंधूताईंना माग आवडत नसे, ते. शामरावांना पुण्यात करमणार नाही, ते. हे शेवटचं त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मी झोपलोय असंच दाखवणं मला योग्य वाटलं. सिंधूताई म्हणाल्या, “मलेबी नाही करमनार. पन आपन दोघं असू नं.” आणि धागा ओढला.

मी निघालो त्या सकाळी साडी पदराला आली होती. काठ सरळ चालला होता. सिंधूताईंनी वाटेत खायला वडे बांधून दिले आणि डबा परत पिशवीत घातला, फडक्यात नीट गुंडाळून, जणू तोही पाहुणाच होता.

पुणे

ऑफिसात मी लिहून दिलं की तिकडच्या लोकांना दोन भागांमध्ये थोडा रिकामा वेळ लागतो. साहेबांनी वाचलं, खूश झाले, आणि म्हणाले, “म्हणजे लोकांना जाहिराती आवडतात!” मी पुढच्या मालिकेच्या दोन ओळी लिहायला घेतल्या. एखाद्याला आनंद होत असेल तर आपण मध्ये का पडावं.

निखिलचं लग्न पुण्यातच झालं. कार्यालय मोठं, स्टेजमागे भिंतीएवढा पडदा आणि त्यावर नवरा-नवरीची चित्रं अखंड फिरतायत. गाणी एकात एक मिसळलेली, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. ईशा पिवळसर कोशाची, लाल करवतीकाठाची साडी नेसून स्टेजवर उभी होती. शामरावांना गुडघ्यांमुळे खुर्ची दिली होती आणि भेटायला येणाऱ्यांसाठी तिचं तोंड दाराकडे केलेलं. म्हणजे स्टेजकडे त्यांची पाठ. सिंधूताई त्यांच्यासमोर उभ्या, नजर स्टेजवर. मी अक्षता हातात धरून ते बघत राहिलो. मांडणी माझ्या ओळखीची होती.

दोघं एक शब्द बोलत नव्हते. गाणी चालूच होती.

मग कुठेतरी वायर निसटली असावी. सगळं एकदम थांबलं. गाणी, पडदा, सगळं. लोक ‘अरे अरे’ करायला लागले. सिंधूताई चटकन पुढे वाकल्या.

“अजी, काठ सरळ बसला. खांद्यापासून पायापोत सरळ. आताच ते वळली तवा पाह्यलं मी.”

“अन् पदर?”

“पदरबी चांगला पडला.”

शामरावांनी मान हलवली. मग तेच विचारलं जे ते नेहमी विचारत. “रडली का?”

“ईशा? नाही बा. हसून राहिली.”

“तिचं नाही इचारत. तू.”

सिंधूताई काही बोलायच्या आत गाणं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून. शामराव थोडा वेळ त्यांच्याकडे बघत बसले. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं, दुखऱ्या गुडघ्यासकट सावकाश मागे वळले, आणि स्वतःच स्टेजकडे बघितलं.